फियाटचे इंजिन : खोलावे की बदलावे?

ज्यांच्या दारात जुनी फियाट उभी आहे, त्यांच्या घरी एक प्रश्न लांबच्या पाहुण्यासारखा अधूनमधून येऊन बसतो. गाडी चढावर दम टाकू लागते, मागच्या नळीतून निळा धूर निघतो, ऑइलचा डबा महिनाभरही पुरत नाही. आणि मग कुणी तरी मेव्हणा चहाचा कप खाली ठेवीत म्हणतो, 'अहो, हे डबडे काढा आणि एखादे नवे इंजिन टाका की! गाडी विमानासारखी पळेल.' मेव्हण्यांचे सल्ले फुकट असतात. पुढचे बिल मात्र गाडीच्या मालकाला येते. म्हणून या दिवाळीत थोडा निवांत वेळ आहे तोच या प्रश्नाचा निकाल लावून टाकू.

फियाट म्हणजे आम्ही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली गाडी धरतो. मग तिच्यावर फियाट ११०० असे लिहिलेले असो की पद्मिनी असे. मुंबईतील काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस सेवेतून निवृत्त झाली. घरगुती पद्मिन्या मात्र पुण्यामुंबईत, नाशकात, सांगली-कोल्हापुराकडे अजून चालत आहेत. वडिलांनी घेतली, आईला प्रसूतीसाठी तिच्यातूनच नेले, धाकट्याने तिच्यावरच गाडी चालवायला शिकून घेतले, अशी गाडी मोडीत घालायला मन धजत नाही. आणि का धजावे?

आता इंजिनाकडे वळू. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. एकूण १०८९ घनसेंटिमीटर. ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. आजच्या हिशेबाने हे किडूकमिडूक वाटेल. पण या इंजिनाचा मोठा गुण असा, की ते पुन:पुन्हा खोलून नीट करता यावे अशाच बेताने घडवलेले आहे. आजच्या पुष्कळशा गाड्यांबद्दल असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन खरोखर गेले आहे की नुसते कुरकुरते आहे, हे ठरवायला हवे. धुराचा रंग पुष्कळ सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडतो आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेले आहे. काळ्या धुरासाठी इंजिन बदलणे म्हणजे सर्दीसाठी छाती फाडून घेणे. त्यानंतर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला मापक लावला, की चारी आकडे कळतात. ज्याचा आकडा कमी, त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत; जागेवरच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा, किंवा गॅस्केटचा. एवढी साधी परीक्षा न करता 'साहेब, इंजिन संपलं' असे सांगणाऱ्या गॅरेजातून गाडी हळूच बाहेर काढावी, हे उत्तम.

दोष फक्त व्हॉल्व्हचा असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवले की काम झाले. त्याच वेळी हेड वाकले आहे का, हे सपाट पट्टी लावून पाहावे. अॅल्युमिनियमचे हेड एकदा पाणी आटून तापले, की हटकून बाक धरते. ते प्लेन करून मिळते; पण मिस्त्रीने उत्साहाच्या भरात जास्त घासू नये, नाही तर दाब वाढून इंजिन चढावर खडखडू लागेल.

सिलिंडरच झिजले असतील तर ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, बोअर होतो आणि वरच्या मापाचे पिस्टन बसतात. इथे एक गोड गैरसमज आहे. बोअर केल्याने इंजिन 'मोठे' होते आणि गाडी पळू लागते, असे कित्येक सांगतात. गणित करून पाहा. व्यास चांगला सबंध एक मिलिमीटर वाढवला, ६८चा ६९ केला, तरी १०८९चे सुमारे ११२२ घनसेंटिमीटर होतात. म्हणजे शंभराला तीन! गाडी पळू लागते ती या तीनामुळे नव्हे. झिजलेल्या इंजिनाने गमावलेला दाब परत आला, म्हणून पळते. चाळीस घोड्यांतले जे आजारी पडले होते, ते कामावर रुजू झाले, इतकेच.

सुधारणा म्हणून याहून शहाणपणाच्या गोष्टी आहेत. प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे. पावसाळ्यातली सकाळची कटकट निम्मी होईल. रेडिएटर आतून साफ करवून घ्यावा. ज्या गाडीला अजून डायनॅमो आहे, तिला अल्टरनेटर लावावा. आणि एक गोष्ट तर टाळताच येणार नाही : आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. त्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या घालाव्यात आणि कार्ब्युरेटरचा जेट मिस्त्रीकडून जमवून घ्यावा. कारण या मिश्रणाला हवेच्या मानाने पेट्रोल थोडे जास्त सोडावे लागते. गरम इंजिनाजवळची नळी चिरली तर प्रश्न सरासरीचा राहत नाही, आगीचा होतो.

आता मेव्हण्याच्या इंजिनाकडे. पद्मिनीत निस्सानचे इंजिन बसवणारे कारागीर आहेत. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीत ११७१ घनसेंटिमीटरचे निस्सान इंजिन होते, ते जुन्या बाजारात मिळते. बसतेही. पण इंजिन हा काही एकट्याने राहणारा ब्रह्मचारी नव्हे, त्याचा संसार मोठा. त्याच्यामागून क्लच येतो, गिअरपेटी येते, स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन खाली दांडा येतो, प्रॉपेलर शाफ्ट तोडून जोडावा लागतो, इंजिनाच्या बैठका नव्या कराव्या लागतात, सायलेन्सरची वाट बदलते. प्रत्येक कामाचे बिल वेगळे, आणि प्रत्येक जोड हा पुढे कधी तरी आवाज करणार.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. पद्मिनीच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताशी साठ किलोमीटरवरून गाडी थांबवताना जितकी शक्ती ब्रेकांनी गिळायची, तिच्या जवळजवळ पावणेदोनपट ताशी ऐंशीवर गिळावी लागते. वेग सव्वापटीपेक्षा थोडाच वाढतो. उष्णता मात्र वर्गाने वाढते. ताकदीचे इंजिन घालून गाडी पळवली आणि ड्रम तेच ठेवले, तर खंडाळ्याच्या उतारावर त्याचा हिशेब चुकता होतो. खुद्द कारखानदारांनाही हे कळत होते. हिंदुस्थान मोटर्सने १९९२-९३च्या सुमारास अॅम्बॅसडरमध्ये जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाऐवजी इसुझूचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणले, तेव्हा त्याच्याबरोबर पाच गिअरांची पेटीही आणली. नुसते हृदय बदलून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. नाक्यावरच्या गॅरेजला ते ठाऊक असेलच असे नाही.

आणि कायदा? १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. सीएनजीसारखा इंधनबदल मान्यताप्राप्त संच बसवून करता येतो, ती वाट निराळी. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओपुढे उभे राहावे लागते. तिथे इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी जुळला नाही, तर मेव्हणा तिथे नसतो. अपघात झाला तर विमा कंपनीला नकार देण्यासाठी याहून सोयीचे निमित्त कोणते?

शिवाय १९७४-७५ची पद्मिनी आज पन्नाशीला पोचली आहे. जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढील गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. अट अशी, की ती मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. निस्सान बसवले, की हा दरवाजा बंद. (अशा नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. रोज वापरायची असेल तर साधीच नोंदणी ठेवावी.)

मग इंजिन कधीच बदलू नये काय? ब्लॉकला तडा गेला असेल, किंवा बोअर करकरून भिंतींत माल उरला नसेल, तर बदलावेच. लायनर ठोकूनही काही वर्षे काढता येतात, पण तड्याला इलाज नाही. अशा वेळी इंजिन त्याच जातीचे, १०८९चेच घ्यावे. हेड चांगले असेल तर खालचे 'हाफ इंजिन' पुरते. कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजारात चौकशी करावी, क्रमांक स्वच्छ वाचता येतो ना ते पाहावे, विकणाऱ्याकडून पक्की पावती घ्यावी आणि बसवण्यापूर्वी आरटीओची परवानगी काढावी. नवा क्रमांक पुस्तकात चढला, की विमा कंपनीला लेखी कळवावे. पावतीशिवाय मिळणारे स्वस्त इंजिन कुणाच्या गाडीतून आले, हे पोलिसांना सांगण्याची पाळी आपल्यावर येते.

आमचा कौल विचाराल तर दहांपैकी नऊ फियाटींचे इंजिन खोलून नीट करावे. आणि ते नुकतेच केले असेल तर पहिले हजार किलोमीटर फार जपावे. एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये, उंच गिअरात रेटू नये, उभ्या गाडीत इंजिन उगाच चालू ठेवू नये. पहिले ऑइल लवकर बदलावे, कारण त्यात नव्या रिंगांचा लोखंडी कीस उतरलेला असतो. हेडच्या नटांचा ताण मिस्त्रीने सांगितलेल्या दिवशी तपासून घ्यावा. तेव्हा इंजिन धनत्रयोदशीला बसले असेल, तर भाऊबीजेला पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर गाठण्याचा बेत मुलांनी कितीही हट्ट केला तरी पुढे ढकलावा. बहिणीकडे गावातल्या गावात जाऊन यावे, आणि मेव्हण्यालाही एक चक्कर मारून आणावी.