निर्दोष सुटकेनंतर काय?

महाराष्ट्रातील भटक्या जमातींतील सहा गरीब इसमांना सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्दोष ठरविले. २००३ सालच्या एका हत्याकांडाबद्दल याच न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी फर्माविली होती. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरंभी छायाचित्रांवरून निराळ्याच चौघांकडे बोट दाखविले होते. त्या दिशेने तपास झालाच नाही.

१६ वर्षांच्या बंदिवासाबद्दल राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. हिशेब केला तर महिन्याला जेमतेम २,६०० रुपये! तरीही हे सहाजण भाग्यवानच म्हणावयाचे. इतर कित्येकांच्या हाती सुटकेच्या हुकमापलीकडे काहीच पडत नाही. कारण भरपाई द्यावयाची की नाही, हे सर्वस्वी न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून असते. यासाठी कायद्यातच तरतूद करावी, ही विधि आयोगाची २०१८ मधील शिफारस कागदावरच राहिली.

रस्त्यासाठी जमीन घेतली तर सरकारला मोबदला द्यावाच लागतो. माणसाचे उभे तारुण्य हिरावून घेतल्यावर मात्र त्याने दयेची वाट पाहावयाची, हा कोठला न्याय? शासनाच्या चुकीची किंमत शासनानेच मोजली पाहिजे, आणि ती कायद्याने ठरली पाहिजे.