खानावळ मोडली, हॉटेले उभी राहिली



इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि त्यांची री ओढणारी आपली काही मराठी पत्रे गेली वीस वर्षे एकच गोष्ट सांगत आली आहेत. लोअर परळ म्हणे पुन्हा जिवंत झाले! जिथे बंद गिरण्यांच्या पडक्या भिंती आणि उंदीर-घुशी होत्या, तिथे देशोदेशीचे पदार्थ देणारी हॉटेले, बार आणि कॅफे आले. मुंबईतल्या चांगल्या खाण्यापिण्याचे ठिकाण फोर्ट-कुलाब्याहून उत्तरेला सरकून गिरणगावात आले. या साऱ्याला 'पुनरुज्जीवन' असे भारदस्त नाव देण्यात आले आहे.

आमचा पहिला सवाल या शब्दावरच आहे. पुनरुज्जीवन मेलेल्याचे होते. गिरणगाव मेले केव्हा, आणि ते मारले कोणी?

भुसावळ, इटारसी, बिलासपूर, हुबळी येथे नोकरी करणाऱ्या आपल्या अनेक सभासदांचे काका-मामा या भागात राहून गेले आहेत. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगणे भाग आहे. लालबाग, परळ, लोअर परळ, डिलाईल रोड, वरळी, भायखळा हा गिरण्यांचा पट्टा. मध्य रेल्वेचा परळचा कारखाना आणि पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा कारखाना याच पट्ट्यात. गिरणीचा भोंगा आणि कारखान्याचा भोंगा एकाच चाळीत ऐकू येत असे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी बायको-मुलांना गावी ठेवून इथे दहा बाय बाराच्या गाळ्यात वीस-पंचवीस जणांसह राही. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. मग तो जेवत कुठे होता?

तो खानावळीत जेवत होता. चाळीतल्या एखाद्या बाईच्या खोलीत, तिच्या चुलीसमोर पाट मांडून. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. भाकरी किंवा चपाती, आमटी-भात, बुधवारी-रविवारी मासळी, पावसाळ्यात सुके बोंबील नाहीतर सुकट. मालवणीला मालवणी कालवण आणि सातारकराला त्याच्या चवीचे कोरड्यास मिळे, कारण गडी आपल्या मुलुखाची बाई शोधूनच डबा लावी. तीनही पाळ्यांना गरम जेवण घालायचे तर त्या बाईची झोप तीन तुकड्यांत होई. आमचे टपाल खात्यातले जुने सभासद सांगतात की पुष्कळ गडी पत्रावर पत्ता खानावळवाल्या मावशीचा देत, आणि गावी मनीऑर्डर पोचल्याची पावती तिच्याच हाती पडे. मुंबईची खाद्यसंस्कृती म्हणून जे काही होते, त्याचा मोठा भाग या खोल्यांत शिजत होता. त्यावर कुणी पुरवणी काढली नाही.

संप झाला की गड्याचा पगार थांबे, पण पोट थांबत नसे. तेव्हा याच बायका उधारीवर जेवू घालीत. स्वतःचे डोरले सावकाराकडे टाकून ज्वारी आणीत. त्या आपल्या चळवळीच्या सभासद नव्हत्या, त्यांच्या नावाची पावती कुठल्याही युनियनने फाडली नाही, पण संप त्यांच्या चुलीवर चालत असे. हे ज्यांच्या लक्षात आले त्या प्रेमा पुरव. त्या स्वतः कामगार चळवळीत वाढलेल्या. १९७५ साली त्यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते म्हणून ते शक्य झाले. गहाण टाकायला चुलीखेरीज काही नसलेल्या बाईला खासगी बँकेच्या शेठजीने दारात उभे केले असते काय?

जमीन कशी गेली

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्या संपाच्या चुका काढणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्या चळवळीने त्यातल्या काही पदरात घेतल्याच पाहिजेत. माघारीची वाट न ठेवता लढा लांबला, आणि बाकीच्या संघटना काठावर उभ्या राहिल्या. आम्ही रेल्वेवालेही त्यात आलो. पण संप ढासळल्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या त्या केवळ संपामुळे नव्हे. मालकाच्या ध्यानात आले होते की सूत कातण्यापेक्षा सुताखालची जमीन विकणे फायद्याचे.

ही जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असा त्याचा ढोबळ अर्थ. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची होऊ लागली. गिरणी म्हणजे शेड आणि चाळी. मोकळी जमीन ती किती असणार? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारने, मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना आणि ज्युपिटर मिल २७६ कोटींना विकली. बाकी हिशेब वाचकांनी करावा.

गिरण्या गेल्या तसे डबा लावणारे गडी गेले, आणि गडी गेले तशा खानावळी मोडल्या. गिरणगाव आपल्या मरणाने मेले नाही. त्याचे जेवणाचे ताट आधी काढून घेतले, मग त्याच जागी नवे ताट मांडले, आणि त्याला पुनरुज्जीवन म्हटले.

नव्या भटारखान्यात

आमच्यावर एक आरोप ठरलेला आहे. हे युनियनवाले जुन्याला कवटाळतात, यांना कुणाचे चांगले झालेले बघवत नाही. तेव्हा स्पष्ट सांगतो. चांगलेचुंगले खाण्याला आमचा विरोध नाही. आपल्या सभासदांची शिकलेली मुले त्याच भागातल्या कचेऱ्यांत कामाला आहेत, पहिल्या पगाराला ती आई-बापांना तिथे जेवायला नेतात, आणि आम्हीही एकदा जाऊन आलो आहोत. (एका माशाच्या तुकड्याचे बिल पाहून आमच्या सौभाग्यवतींनी तो घरी कितीला पडतो याचा हिशेब टेबलावरच करून दाखवला, ते सोडा.) हॉटेलांनी रोजगार दिला हेही खरे. आमचा प्रश्न पुढचा आहे. तो रोजगार कसला?

गेल्या पावसाळ्यात गढवालकडचा एक तरुण आमच्या शाखेच्या कचेरीत आला. रात्रपाळीच्या आमच्या एका सभासदाला तो रोज स्टेशनच्या जिन्याखाली बसलेला दिसे, त्यानेच त्याला पाठवले. मिल कंपाउंडातल्या एका हॉटेलात तो आधी भांडी घासायला होता, मग तंदूरवर मदतनीस झाला. हॉटेल रातोरात बंद झाले आणि दोन महिन्यांचा पगार बुडाला. नेमणुकीचे पत्र नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. कागदावर हॉटेलात आठच माणसे, बाकीची कंत्राटदाराची, आणि कंत्राटदाराचा फोन लागत नाही. बिलावर सेवा शुल्क आकारले जाई, त्यातला पैसाही भांडी घासणाऱ्याच्या हातात कधी पडला नाही.

कागदावर आठच का, हे कायदा वाचल्यावर कळते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू केला गेला. दहाच्या आत राहिलात की सुटलात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याला आणि रोजच्या कामाचे तास नऊचे दहा करण्याला मंजुरी दिली. हे कुणाच्या पुनरुज्जीवनासाठी?

आणि तो जिन्याखाली का बसत होता? जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईतले मॉल आणि मिल कंपाउंडे चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली. फार कौतुक झाले. परंतु रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल गेली की पहाटे चारपर्यंत गाडी नाही. त्या तीन तासांत रुळांची आणि तारांची देखभाल होते. आपलेच गँगमन आणि ओएचईचे कामगार ती करतात, आणि ती झालीच पाहिजे. जेवायला आलेला गिऱ्हाईक आपल्या मोटारीने जातो. नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला राहणारा वेटर कसा जाईल, याचा विचार परवानगी देणाऱ्यांपैकी कुणी केला होता?

तीन महिने, तीन अपघात

२०१७ सालचे शेवटचे तीन महिने आपण विसरू नयेत. २९ सप्टेंबरला सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली. २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी टॉवर, कचेऱ्या आणि हॉटेले आली, हजारो नवी माणसे रोज त्या दोन स्थानकांवर उतरू लागली, पण पूल रुंद झाला नाही. जमीन विकताना कुणी रेल्वेला विचारले नाही, आणि पुलाची मागणी करणाऱ्यांना रेल्वेने पैसे नाहीत असे सुनावले. अपघातानंतर मात्र लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत नवा पूल उभा करून दिला. स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी झाले.

१८ डिसेंबरला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या कारखान्याला पहाटे आग लागली. आत झोपलेले १२ कामगार मेले. २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. गच्चीवर बांबू-ताडपत्रीचे छप्पर होते. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले. गेलेली माणसे कुणाची तरी लेकरे होती, त्यांच्याबद्दल आम्हाला दुःखच आहे.

पण पुढचे बघा. कमला मिलनंतर महापालिकेने पाच अधिकारी निलंबित केले, आणि एका दिवसात शहरातल्या तीनशेहून अधिक ठिकाणच्या बेकायदा बांधकामांवर हातोडे चालवले. म्हणजे यादी तयार होती! अकरा दिवस आधी बारा कामगार जळाले तेव्हा ती कुठल्या कपाटात होती? फरसाण शहरभर खाल्ले जाते, ते करणारा माळ्यावर झोपतो हे कुणाला दिसत नाही. खानावळवाली मावशी तरी निदान गिऱ्हाइकाच्या समोर बसून भाकरी थापत होती.

आता पाळी आपली

रेल्वे आणि टपालवाल्यांनी हे का वाचावे, असे काही सभासद म्हणतील. गिरण्यांच्या जमिनी संपत आल्या आहेत. शहरांच्या मध्यभागी मोठ्या जागा आता कुणाकडे उरल्या? रेल्वेकडे, टपाल खात्याकडे, बंदरांकडे. २००५ च्या कायदा दुरुस्तीतून रेल्वेची जमीन भाडेपट्ट्याने देणारे प्राधिकरण निघाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये जुन्या डब्यात हॉटेल सुरू झाले. डबा भंगारात जाण्यापेक्षा ते बरे, आमची हरकत नाही. पण स्थानकांच्या पुनर्विकासाचे नकाशे येतात तेव्हा त्यात हॉटेलांचे मजले असतात, आणि त्या मजल्यावर राबणाऱ्या माणसाला नेमणुकीचे पत्र कोण देणार, त्याची विश्रांतीची खोली कुठे, हे त्या नकाशावर दिसत नाही. आमच्या परळच्या कारखान्याच्या जागेवर टर्मिनस करण्याची भाषा आपण ऐकली आहेच. गिरणी कामगारांना गिरणगावात घर मागितल्यावर शेलू-वांगणीचा रस्ता दाखवण्यात आला, त्याविरुद्ध त्यांना जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात यावे लागले. वसाहतीतल्या रेल्वे क्वार्टर्सवाल्यांनी कर्जत लाईनचे वेळापत्रक आतापासून बघून ठेवावे काय?

दुसरा रस्ता नाही असे मात्र कुणी सांगू नये. १९५७ साली कॉफी बोर्डाची कॉफी हाऊसे बंद होत होती, वेटर आणि स्वयंपाकी रस्त्यावर येत होते. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्याच कामगारांनी बंगळूरला सहकारी संस्था काढली, मग इतर राज्यांत निघाल्या. इंडियन कॉफी हाऊसचा तुरेवाला वेटर ज्या दुकानात काम करतो त्याचा तो सभासद असतो. जबलपूरच्या आपल्या बंधूंना हे सांगायला नको, त्यांच्या कित्येक शाखांच्या बैठका तिथल्याच टेबलांवर झाल्या. अन्नपूर्णाच्या बायकांनी जे चाळीत केले, ते कॉफी हाऊसवाल्यांनी भर बाजारात केले. रेल्वेच्या जागेवर उद्या हॉटेल निघणार असेल तर ते चालवायला पहिली संधी अशा संस्थांना आणि महिला बचत गटांना का नको? ही मागणी आपल्या महासंघाने मंडळापुढे लेखी मांडावी, असा ठराव आमच्या शाखेने केला आहे.

दुसरा ठराव आम्ही आमच्यापुरता केला. स्टेशनालगतची आपली कचेरी आठवड्यातून दोन दुपारी, हॉटेलवाल्यांच्या सुट्टीच्या वेळात, तीन ते पाच, हॉटेल कामगारांसाठी उघडी राहील. हॉटेल कामगारांची जी संघटना पुढे येईल तिला पावती पुस्तक ठेवायला कपाट देऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांना आपला विरोध आहे आणि राहील, पण त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देण्याचे कलम आहे, तेवढे तरी मालकांकडून वसूल करून घेऊ. काही सभासदांनी विचारले की आपली वर्गणी परक्या धंद्यावर का खर्च करायची. १९८२ साली आपण काठावर उभे राहिलो तेव्हाही हेच बोललो होतो.

गढवालच्या त्या मुलाचा अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेला आहे. पहिल्या तारखेला मालकातर्फे कुणी आले नाही. पुढच्या तारखेला त्याच्याबरोबर त्याच भटारखान्यातले आणखी चौघे येणार आहेत.