ड्रोन स्वदेशी, तोल मात्र उसना!

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना सुप्याची औद्योगिक वसाहत लागते. पारनेरच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. पुढे तासाभराच्या अंतरावर संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था आहे आणि के. के. रेंज हे लष्कराचे सरावक्षेत्रही आहे. यंत्रे घडविणारे आणि यंत्रे पारखणारे इतके जवळ क्वचितच नांदतात. म्हणूनच एक अप्रिय प्रश्न सुप्याच्या वेशीवर उभे राहून विचारला पाहिजे : ज्यांना आपण अभिमानाने स्वदेशी म्हणतो, ते ड्रोन मुद्दाम केलेल्या घातापुढे टिकतील काय?

ड्रोन स्वतःचा तोल सांभाळतो तो जायरोस्कोप या चिमुकल्या संवेदकाच्या बळावर. मनुष्याच्या कानातील तोलाच्या इंद्रियासारखेच त्याचे कार्य. त्यात एक सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. त्याच्या नैसर्गिक कंप्रतेचा आवाज बाहेरून मारला की, योग्य वेळी ढकललेल्या झोक्याप्रमाणे तो भलताच हेलकावतो आणि यंत्राला खोटीच माहिती देतो. २०१५ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी असे १५ प्रकारचे संवेदक तपासले. त्यांपैकी ७ आवाजाला बळी पडले. प्रत्यक्ष चाचणीत एक ड्रोन काही क्षणांतच कोसळला. ना गोळी, ना क्षेपणास्त्र, केवळ ध्वनी! २०१२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या चमूने खोटे उपग्रहसंकेत पाठवून ड्रोनला चकविले होते. प्रखर प्रकाशाने कॅमेराही आंधळा करता येतो.

‘हे प्रयोगशाळेतील खेळ आहेत’, असे म्हणणारे शहाणे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी २७ जून २०२१ची जम्मू विमानतळावरील घटना आठवावी. मे २०२५ मध्ये एका रात्रीत पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन धाडले, हेही आठवावे. आपण त्यांचे ड्रोन निष्प्रभ करण्याच्या युक्त्या शोधतो, तेव्हा शत्रू आपल्यासाठी तेच करीत नसेल, हा भाबडेपणा कोणत्या राष्ट्राला परवडला आहे?

सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीस बंदी घातली, हे स्तुत्यच होय. परंतु सुट्या भागांची वाट मोकळीच राहिली. बाहेरचे भाग जोडून वर स्वदेशीचा शिक्का मारणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. ज्या संवेदकाचे दोष आपल्याला ठाऊक नाहीत आणि विकणाऱ्याला ठाऊक आहेत, तो संवेदक म्हणजे घरात ठेवलेला परका पहारेकरीच!

उपाय अवघड नाहीत. संवेदकाभोवती ध्वनिरोधक आवरण द्यावे. भिन्न कंप्रतेचे दोन-तीन संवेदक बसवून त्यांची साक्ष पडताळावी. एकाच इंद्रियावर विसंबून न राहता दिशा, उंची व प्रतिमा यांचा मेळ घालावा. मात्र खरेदीच्या अटींत ध्वनी, प्रकाश व खोटे संकेत यांची कसोटी सक्तीची केल्याखेरीज स्वस्ताई शोधणारा उत्पादक हे करणार नाही. संरक्षण चाचणी सुविधांसाठी २०२० मध्ये ४०० कोटींची योजना आली. तीत केंद्राने ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केली होती. सुप्याच्या उद्योजकांनी एकत्र येऊन अशा कसोटीकेंद्राची मागणी का करू नये?

आज बचतगटांतील भगिनी शेतावर ड्रोन उडवीत आहेत. तो त्यांच्या डोक्यावर कोसळू नये आणि सीमेवर जवानाला दगा देऊ नये, ही जबाबदारी एकच आहे. सोने कसाला लावल्यावाचून आपण घेत नाही. मग राष्ट्राचे डोळे-कान न पारखता का घ्यावेत?