डागडुजी कोणाच्या खर्चाने?

सार्वजनिक संस्थेने इमारत बांधली की रंगरंगोटीसाठी, गळती थांबवण्यासाठी, कड्या-कुलपे बदलण्यासाठी तिच्या अंदाजपत्रकात दरवर्षी काही रक्कम बाजूला काढली जाते. निदान काढली जावी अशी अपेक्षा असते. त्याच संस्थेने संकेतस्थळ उभारले की मात्र उद्घाटनाचा नारळ फुटताच ते काम कायमचे संपले, अशी सर्वांची समजूत होते. संकेतस्थळालाही पावसाळा असतो आणि तो बाराही महिने चालू असतो, ही गोष्ट संचालक मंडळाच्या ध्यानी येते ती मुखपृष्ठावर परक्या जुगाराची जाहिरात झळकू लागल्यावरच.

गळती लागते कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन आज वर्डप्रेस या प्रणालीवर उभी आहेत. २००३ साली मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य असून तिचा गाभा सांभाळणारे हात पुष्कळ आणि जागरूक आहेत. भगदाडे पडतात ती बहुतांशी या गाभ्याला नव्हे, तर त्याला जोडल्या जाणाऱ्या ‘प्लगइन’ नामक उपकार्यक्रमांना. अर्ज भरून घेणे, छायाचित्रे सरकती दाखवणे, पाने जलद उघडणे अशा एकेका कामासाठी एकेक प्लगइन. अधिकृत भांडारात अशी ५०,००० हून अधिक प्लगइन्स मोफत मिळतात. काहींच्या मागे मोठी कंपनी असते, काही एखाद्याच माणसाने फावल्या वेळात लिहिलेली असतात. परंतु एकदा जोडली गेली की अधिकार सर्वांना सारखाच. छायाचित्रे सरकवणाऱ्या प्लगइनलाही त्याच संकेतस्थळात साठवलेल्या विद्यार्थ्यांच्या नावा-पत्त्यांपर्यंत पोचता येते. वाड्यातली एक खोली भाड्याने द्यावी आणि भाडेकरूच्या हाती तिजोरीसकट साऱ्या किल्ल्यांचा जुडगा द्यावा, त्यातला हा प्रकार.

‘स्लायडर रिव्होल्यूशन’ या लोकप्रिय प्लगइनमधील एक दोष फेब्रुवारी २०१४ मध्येच, फारसा गाजावाजा न करता, दुरुस्त झाला होता. तरीही त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘सोकसोक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्याने त्याच वाटेने लाखावर संकेतस्थळे बाधित केली आणि गूगलने ११,००० हून अधिक संकेतस्थळांवर धोक्याची खूण मारली. दहा महिने औषध तयार असता रोगी दगावले कसे? कारण हे प्लगइन अनेकांनी जाणूनबुजून घेतलेलेच नव्हते. बाजारातून विकत आणलेल्या तयार मांडणीच्या पोटात ते आधीपासून बसलेले होते. जी वस्तू आपल्या घरात आहे हेच ठाऊक नाही, तिची दुरुस्ती कोण करणार?

यावर ‘नवी आवृत्ती येताच ती घ्या’ हा उपदेश सर्रास केला जातो. तो योग्यच आहे; पण पुरता नव्हे. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर वापरले जाणारे ‘डिस्प्ले विजेट्स’ हे प्लगइन २०१७ साली त्याच्या कर्त्याने १५,००० डॉलरला विकले. नव्या मालकाने पुढील आवृत्त्यांत अशी तजवीज केली की संकेतस्थळावर नको ते मजकूर प्रसिद्ध व्हावेत आणि ते संकेतस्थळाच्या चालकाला मात्र दिसू नयेत. सप्टेंबरात ते प्लगइन भांडारातून कायमचे हद्दपार झाले. या व्यवहारात विकले काय गेले? कार्यक्रमाच्या चार ओळी खासच नव्हेत. विकला गेला तो दोन लाख घरांत न विचारता शिरण्याचा परवाना, आणि त्याचा भाव पडला घरटी साडेसात सेंट! येथे तत्परतेने नवी आवृत्ती घेणाराच आधी बळी पडला.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवले होते, की मालाचा कस ग्राहकाला पारखता आला नाही तर चांगला माल विकणाराच बाजारातून उठतो. प्लगइनच्या बाजारात तर किंमत पुष्कळदा शून्यच असते. म्हणजे पारखण्याची इच्छाही उरत नाही. त्यात भर अशी की घुसखोरी झाल्यावर होणारे नुकसान बव्हंशी संस्थेचे नसतेच. भ्रमणध्वनी क्रमांक पळवला जातो तो विद्यार्थ्याचा, फसवणूक होते ती संकेतस्थळावर विसंबणाऱ्या पालकाची. ज्याच्या हलगर्जीपणाची किंमत दुसरा मोजतो, त्याने सावध व्हावे तरी कशासाठी? म्हणूनच कायद्याला यात पडावे लागले. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी, असे सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २०२२ मध्ये बजावले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु ज्या कार्यालयात संकेतस्थळाचा पासवर्ड कोणाकडे आहे हेच कोणास सांगता येत नाही, तेथे सहा तासांत कळवणार कोण आणि कोणाच्या सहीने?

उपायांतील पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: वजाबाकी. जोडलेल्या प्रत्येक प्लगइनची यादी करावी आणि ज्याचे काम सांगता येत नाही ते काढावे. नुसते बंद करून ठेवू नये, पुसून टाकावे. बंद प्लगइनच्या फायली सर्व्हरवर राहतात आणि घुसखोराला त्यांचाही उपयोग होऊ शकतो. भांडारातून काढून टाकलेले प्लगइन जुन्या संकेतस्थळांवर चालूच राहते, म्हणून ही यादी दर तिमाहीस ताडून पाहावी. सशुल्क प्लगइनच्या चोरट्या फुकट प्रती वापरणे म्हणजे चोराकडूनच कुलूप घेणे होय. सूचना प्रसिद्ध करणाऱ्या लिपिकाला संपादनापुरता अधिकार पुरे; सर्वाधिकार एका-दोघांकडेच असावेत.

आणि सुरक्षेसाठी आणखी एक प्लगइन जोडले की काम भागले, असेही मानू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ या सुमारे ४० लाख संकेतस्थळांवरील सुरक्षा-प्लगइनमध्येच असा दोष निघाला, की दुहेरी पडताळणीची जादा खबरदारी ज्यांनी चालू केली होती, नेमके त्यांच्याच संकेतस्थळात पासवर्डाविना शिरता येत होते. कुंपणानेच शेत खावे, तसे झाले. दोष इतका गंभीर होता की वर्डप्रेसच्या चालकांना मालकांची वाट न पाहता सक्तीने दुरुस्ती पाठवावी लागली. स्वयंचलित अद्ययावतीकरणाची सोय २०२० पासून प्रत्येकालाच आहे. ‘डिस्प्ले विजेट्स’चा अनुभव जमेस धरूनही ती चालू ठेवण्यातच शहाणपण आहे, कारण विषारी आवृत्ती क्वचित येते, जुन्या दोषावरचे हल्ले मात्र रोजचे असतात. त्या क्वचित प्रसंगासाठी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत निराळ्या जागी ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी ती उघडून चालते की नाही हे पाहावे.

हे सारे करणाऱ्या माणसाला मेहनताना द्यावा लागतो. बांधणीचे कंत्राट देतानाच पाच वर्षांच्या देखभालीची वार्षिक रक्कम त्यात लिहावी, आणि कंत्राटदार बदलताना जुन्याचे सर्व अधिकार काढून घेतल्याची नोंद कार्यालयाच्या दप्तरी झाल्याखेरीज त्याचे शेवटचे बिल मंजूर करू नये.