शून्य भावाचे इंधन

आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या महिन्यात एका उद्योजकाने शेतकऱ्यांची सभा बोलाविली होती. कापसाची वेचणी आटोपल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्या प्लाझ्मा भट्टीत घालून त्यांपासून स्वच्छ इंधनवायू काढावयाचा, असा त्याचा बेत आहे. खर्चाचा तक्ता पडद्यावर आला. भट्टी, जमीन, व्याज, पगार या सर्व रकान्यांत कोटींचे आकडे होते. कच्च्या मालाच्या रकान्यात मात्र शून्य. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याची नजर त्या शून्यावर अडखळली, यात नवल नाही.

कल्पना मुळात टाकाऊ नव्हे. लाकूड किंवा काडीकचरा अपुऱ्या हवेत तापविला की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे जळाऊ मिश्रण मिळते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा कोळशाच्या गॅसवर धावणाऱ्या मोटारी आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिल्या होत्या. या विद्येचे जुने दुखणे म्हणजे वायूबरोबर येणारे डांबर. ते इंजिनात साचते आणि चार दिवसांत यंत्र बंद पाडते. प्लाझ्मा भट्टीत विजेच्या झोताने कित्येक हजार अंशांची उष्णता निर्माण होते, तीत हे डांबर तुटून त्याचाही वायू होतो आणि राख वितळून काचेसारखी घट्ट होते. घातक रासायनिक कचऱ्यासाठी हा गुण अनमोल आहे. पुण्याजवळ रांजणगावला अशाच कचऱ्यासाठी दिवसाला ७२ टन क्षमतेचे संयंत्र उभारले गेले ते याच कारणाने.

परंतु पऱ्हाटी म्हणजे रासायनिक कचरा नव्हे. आठशे-हजार अंशांवर जिचा वायू होतो तिच्यासाठी कित्येक हजार अंशांचा झोत कशाला? शिवाय हा झोत विजेचा. औष्णिक केंद्रात एक भाग वीज मिळविण्यासाठी सुमारे तीन भाग उष्णता खर्ची पडते. तीच वीज पुन्हा उष्णतेसाठी वापरावयाची, हा व्यवहार घरातले तूप विकून तेल आणण्यासारखा आहे. विजेतील बरीचशी ऊर्जा वायूत उतरते, हे खरे. पण महाग ऊर्जा घालून स्वस्त ऊर्जा काढण्याचा हा प्रकार आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा भावाचा आहे. परदेशांत ही संयंत्रे मुख्यतः शहरी वा औद्योगिक कचऱ्यासाठी उभारली गेली, कारण तेथे कचरा घेणाऱ्यालाच पैसे मिळतात. कच्च्या मालाचा भाव शून्याच्याही खाली! तरीही इंग्लंडमधील टीज व्हॅली येथे एअर प्रॉडक्ट्स या बलाढ्य कंपनीने दोन प्रचंड प्रकल्प हाती घेतले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये या धंद्यातूनच अंग काढून घेतले. हिशेबवहीत तिला ९० ते १०० कोटी डॉलर बुडीत टाकावे लागले. कॅनडातील ओटावा येथील प्लास्को कंपनीने २०१५ मध्ये धनकोंपासून संरक्षण मागितले. पैसे घेऊन कचरा स्वीकारणाऱ्यांची ही गत, तर पैसे मोजून पऱ्हाटी आणणाऱ्याचे काय व्हावे?

पैसे मोजावेच लागतील, हे थोड्या गणिताने दिसते. प्लाझ्माचा खर्च बाजूला ठेवून साध्या वायुभट्टीचा हिशेब केला, तरी एक युनिट विजेला सव्वा किलो सुकी काडी लागते. एक मेगावॉटचे केंद्र दिवसाला तीस टन काडी खाईल. वर्षातले तीनशे दिवस चालले तर नऊ हजार टन. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी धरली तर साडेतीन हजारांहून अधिक हेक्टर रान पिंजावे लागेल. पऱ्हाटी मिळते दोन-तीन महिने, केंद्र चालवायचे वर्षभर. म्हणजे साठवण आली, पावसापासून राखण आली. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन भरत नाही, म्हणून तुकडे करण्याचे यंत्र बांधावर न्यावे लागते. सभेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "उपटून कोण देनार?" त्याला उत्तर मिळाले नाही.

गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी वेळीच शेताबाहेर काढणे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे, त्यामुळे आज तो ती फुकट देईलही. पण पहिल्या हंगामात ट्रक दारात उभे राहिले की दुसऱ्या हंगामात भाव सांगितला जाईल, आणि तो सांगावाच. जैवभारावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या बाबतीत हेच घडले. इंधनाचा दर नियामक आयोगांना वेळोवेळी वाढवून द्यावा लागला.

त्या तक्त्यात आणखी एक व्यक्ती नव्हती. मजुरीवरून परतताना डोक्यावर पऱ्हाटीचा भारा आणणारी बाई. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६ नंतर तिच्याही घरी पोहोचला असेल. पण तो पुन्हा भरायला रोख पैसे लागतात, आणि काम नसलेल्या महिन्यांत चूल पऱ्हाटीवरच पेटते. तिचा भारा कोणत्याच बाजारात विकला जात नाही, म्हणून तो आमच्या शास्त्राच्या पुस्तकांतही सापडत नाही. उद्या पऱ्हाटीला किलोमागे दोन रुपये मिळू लागले तर शेतमालक तिला बांधावर अडवील. त्याला दोष तरी कसा द्यावा?

शासनाने या प्रकल्पाला अनुदान देण्यापूर्वी उद्योजकाकडून तीन वर्षांच्या खरेदीचा लेखी भाव मागावा आणि गावासाठी राखून ठेवावयाच्या पऱ्हाटीचा वाटा करारात घालावा. प्लाझ्माचा हट्ट सोडून साधी वायुभट्टी डाळमिलच्या वाळवणीला किंवा विटांच्या भट्टीला जोडता येते काय, हेही पाहावे. उष्णताच हवी असेल तेथे वायू बिनइंजिनाचा जाळता येतो आणि डांबराची कटकट निम्म्याने घटते. उद्योजकाला मी हे सुचविले. "त्यात नवीन काय?" असे म्हणून त्याने पुढचे चित्र लावले.