सही कापली, तरी हक्क उरतोच

दिवाळी अंकांतील हास्यचित्रे आता मोबाईलवर फिरतात. चित्र तेच असते, पण कोपऱ्यातली सही कापलेली! ही गंमत नव्हे, श्रमाची चोरी आहे.

मराठीत निव्वळ हास्यचित्रांवर किती जणांचे घर चालले? वसंत सरवटे यांच्यासारखा थोर व्यंगचित्रकारही पोटासाठी सिमेंट कंपनीत अभियंता होता. शि. द. फडणीस यांच्या मुखपृष्ठांनी 'मोहिनी'ला चेहरा दिला. जाहिरातीच्या पानाचा दर छापील असतो. हास्यचित्राचा दर छापलेला कोणी पाहिला आहे काय?

मानधन दिले म्हणजे चित्र विकत घेतले, अशी काही प्रकाशकांची समजूत असते. ती चुकीची आहे. नोकरीत नसलेल्या चित्रकाराचा हक्क सही केलेल्या लेखी करारावाचून दुसऱ्याकडे जात नाही, असे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 सांगते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरतात. आणि हक्क विकला, तरी आपले नाव लावून घेण्याचा अधिकार कलम 57 ने राखून ठेवला आहे.

मग मुरूडच्या चित्रकाराने पुण्याच्या प्रकाशकाविरुद्ध पुण्याला खेटे घालायचे काय? मुळीच नाही. कलम 62 प्रमाणे तो राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे अलिबागेत, दावा लावता येतो. त्यासाठी मूळ चित्र, पाठवल्याची तारीख आणि मानधनाची पावती जपून ठेवावी. चित्र परस्पर छापल्यापासून दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे.