वारसा ताटातूनही येतो

‘वडिलांना मधुमेह आहे, म्हणजे मलाही होणारच,’ असं आपण बोलून जातो. सगळं खापर रक्तावर! पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५. आपली बाळं हडकुळी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. जनुकं आईबापांकडून येतात. त्यांचं काम कसं चालणार, यात गर्भाच्या पोषणाचाही हात असतो. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे नेणाऱ्या खुणेचं, प्रमाण अधिक आढळलं. शेतात राबून सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या गरोदर सुनेला बी-१२ देणारं दूध, अंडं रोज मिळतं का, हे घरातल्या प्रत्येकाने विचारावं.